सात वेळा मेलेली रेंजर

“कोण मेलं?” खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दारातूनच विचारलं.

“मीच. सातव्यांदा,” दातांची डॉक्टरीण ओशाळून म्हणाली. “फार जोरात ओरडले ना? या, आत या.”

आजोबा आत आले. पाठोपाठ विणकामाची पिशवी घेऊन आजीही आल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर घनदाट जंगल होतं आणि त्यात लोखंडी चिलखत घातलेली एक बाई उताणी पडली होती.

“गेम आहे हा. ही माझी रेंजर. हिनं पुढं राहून माग काढायचा, धोका ओळखायचा आणि मागच्या चौघींना काळवनातून सुखरूप पार न्यायचं. पण मीच आधी मरते, मग सगळ्याच मरतात.”

त्या चौघी तिच्या हॉस्टेलच्या मैत्रिणी. नव्या गावात येऊन तिला दोनच महिने झाले होते. इथं रोज भेटणारी माणसं तोंड उघडून बसायची, पण त्यामुळेच बोलू शकायची नाहीत. रविवारचा हा खेळ एवढाच काय तो जिव्हाळा. आणि टोळीच्या म्होरकीनं, जिला सगळ्या मुकादम म्हणायच्या, आज निर्वाणीचं सुनावलं होतं. पाच वाजता शेवटची खेप. पुन्हा मेलीस तर तुझ्या जागी माझी वहिनी.

खालच्या दारावरची ‘निवृत्त वनक्षेत्रपाल’, म्हणजे खराखुरा रेंजरच, ही पाटी डॉक्टरीण जाता-येता वाचायची. आज देवच पावला म्हणायचा!

“आजोबा, तुम्हीच सांगा, काय चुकतंय?”

आजोबांनी आजींकडे पाहिलं, चष्मा पुसला. “चौतीस वर्षं जंगलाचं मीठ खाल्लंय या घरानं. दाखव बघू तुझी रेंजर.”

तिनं गुणांचा तक्ता उघडला. शंभरातले ऐंशी गुण ताकदीत.

“अरे देवा! हिला काय झाडं उपटायचीत? काढ ते. चपळाईत घाल, नजरेत घाल. आणि हे पत्र्याचं कपाट उतरव आधी अंगावरून. ही हलली की अख्खं रान जागं होत असेल.”

“बघा हं, गुण एकदाच बदलता येतात.”

“बदल, बदल.”

पूर्वरंग आटोपून आजोबा आख्यानात शिरले. चिलखत गेलं, चामड्याचा हलका अंगरखा आला. तलवार गेली, लांब पल्ल्याचं धनुष्य आलं. मग सोबतीचा प्राणी निवडायची वेळ आली.

“अस्वल!” आजोबा ठणकावून म्हणाले.

आजी खोकल्या.

“छे, अस्वल नको,” आजोबांनी लगेच शब्द फिरवला. “ मध दिसला की तुला विसरेल. लांडगा घे.”

“अहो, चहा निवतोय खाली,” सुयांवरून नजर न काढता आजी म्हणाल्या.

“निवू दे गं. इथं जिवाशी गाठ आहे.”

पाच वाजले. स्पीकरमधून मुकादमचा आवाज आला, “काय गं दातपाडे, वहिनी तयार बसलीय हं!”

टोळी काळवनात शिरली. लांडगा पुढं, रेंजर मागं. नेहमीच्या माळापर्यंत सगळं ठीक होतं. इथंच ती सातही वेळा मेली होती. तिनं पळत सुटायचा बेत केला.

आजींच्या सुया थांबल्या. तसे आजोबा ओरडले, “थांब पोरी! वारा पडलाय ना? पान हलत नाही कुठं. मग तेवढंच गवत का हलतंय?”

तिनं गवतात बाण सोडला. दबा धरून बसलेले चार लुटारू बोंब ठोकत उठले. अंतर राखून तिनं दोघांना लोळवलं, उरलेल्यांचा मैत्रिणींनी फडशा पाडला. पाचही जणी काळवनाबाहेर आल्या.

“दातपाडे!” मुकादमचा आवाज फुटला. “वहिनी गेली खड्ड्यात. तू कुठं जायचं नाहीस आता. कोणाचा गुरुमंत्र घेतलास?”

“खरे रेंजर बसलेत माझ्या शेजारी!” डॉक्टरीण डोळे पुसत म्हणाली.

“अगं, मग दे की त्यांना! वाघ समोर आला तर काय करायचं, विचार.”

तिनं माइक आजोबांच्या तोंडापुढं धरला. आजोबा चटकन मागं सरकले.

“वाघ? मी जन्मभर पोस्टात तिकिटं विकली हो,” ते म्हणाले आणि माइक आजींकडे वळवला. “हे तुम्ही रेंजरबाईंनाच विचारा.”