बियाण्याचा टोमॅटो

सकाळी साडेअकराला गच्चीवरच्या कुंडीतला शेवटचा टोमॅटो जागेवर नव्हता. बाकीची झाडं रोगाने गेली होती. वडिलांनी तीस वर्षं राखलेलं वाण त्या एका फळात उरलं होतं; बियाण्यासाठी म्हणून तिने त्याला लाल दोरा बांधला होता.

ती धावत स्वयंपाकघरात आली. पाहुणी आलेली नणंद कोशिंबीर कालवत होती.

"वन्सं, वरचा टोमॅटो तोडलात?"

"हो. दोरा कसला गं? मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलास!"

"फोडणी घातलीत?"

"थांब की, मोहरी तडतडू दे."

"आणि मीठ?"

"ते केव्हाच घातलं. अळणी खाणार आहेस?"

तिने भांडं ओढून घेतलं आणि कोशिंबीर पिठाच्या चाळणीत ओतून नळाखाली धरली. नणंदेचं हसू मावळलं. तीही कांद्यातून बिया वेचू लागली. गॅसवर मोहरी करपली. बिया त्रेचाळीस मिळाल्या. सुकवून दोघींनी त्या पेरल्या.

रविवारी वडिलांचा फोन आला. "बी धरलंस ना?"

"धरलं, बाबा," ती म्हणाली.

पेरून आठ दिवस झाले होते. माती अजून सपाट होती.