तिसरी उशी

ताटलीत चार चमचे होते, फ्रीजरमधून आत्ताच काढलेले. काकडीच्या दोन चकत्या. चहाच्या दोन वापरलेल्या पिशव्या, पिळून गार केलेल्या. एक ओला रुमाल. डोळे मात्र दोनच होते, आणि तेही सुजून बारीक झालेले.

"मान मागे टेका, आई," सून म्हणाली. "आणि बोलू नका, चमचे घसरतात."

"चमचे डोळ्यांवर आहेत गं, तोंडावर नाहीत," सासूबाई म्हणाल्या. तरी गप्प बसल्या. त्यांची लेक दुपारी जेवायला येणार होती, आणि त्याआधी हे डोळे नीट दिसायला हवेत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायची. पट्टी लावायच्या आधीच मिलिमीटर सांगण्याइतकी तिची नजर बसली होती. त्यामुळे सासूबाईंच्या पापण्या सकाळी सुजतात, हे घरात पहिल्यांदा तिलाच दिसलं. नंतर शेजारणीला दिसलं.

"काय गं, सासूला रात्रभर कांदे चिरायला बसवतेस की काय?" जिन्यात शेजारीण म्हणाली.

सूनही हसली. पण घरात येऊन आरशात बघितलं तर तिचे कान लाल झाले होते.

खरं तर तसं काहीच नव्हतं. दोघींचं छान जमायचं. वाद व्हायचा तो टीव्हीच्या आवाजावरून, आणि जेवायला बसेपर्यंत मिटायचाही. पण सुजलेल्या डोळ्यांच्या सासूकडे बघून हे कोण खरं मानणार? नणंद तर नाहीच. लग्न झाल्या झाल्या तिने भावाला बजावलं होतं, "आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं ना, तर त्याच दिवशी मी तिला माझ्याकडे घेऊन जाईन." सुनेने ते दाराआडून ऐकलं होतं.

मग उपाय सुरू झाले. चमच्यांनी थोडा फरक पडला. चकत्यांनी सासूबाईंना नुसतीच भूक लागली. खरा गुण आला तो उशांचा. डोकं उंच ठेवून झोपलं की चेहऱ्यात साठलेलं पाणी खाली सरकतं, असं सुनेने वाचलं होतं. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. तिसऱ्या उशीनंतर पापण्यांची सूज निम्म्यावर आली. सून इतकी खूश झाली की दुकानात येणाऱ्या बायकांनाही हा उपाय सांगू लागली.

"मला अलीकडे फार दमायला होतं गं," सासूबाई मध्ये एकदा म्हणाल्या होत्या. "एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"ताई येऊन जाऊ देत," सून म्हणाली होती. "आत्ता डॉक्टरांचं नाव काढलं तर ताईंना वाटेल, मी तुमच्याकडे बघतच नाही."

सासूबाईंनी पुन्हा विषय काढला नव्हता.

नणंद आली. भाजीवालीकडचं वांगं फिरवून बघावं तसा तिने दारातच आईचा चेहरा हनुवटी धरून उजेडाकडे वळवला. सुनेने श्वास रोखला.

"छान दिसतेस की!" नणंद म्हणाली. मग जरा ओशाळून सुनेकडे वळली. "खरं सांगू, वहिनी? फोनवर हिचा आवाज बारीक यायचा. मी नको नको ते मनात आणलं. माफ कर मला."

"काहीतरीच काय, ताई," म्हणत सून पाणी आणायला आत गेली. आपण सुटलो, असं तिला वाटलं. असं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

ती बाहेर आली तेव्हा नणंदेने आईसाठी आणलेल्या नव्या चपला काढल्या होत्या. सासूबाईंचं पाऊल पट्ट्याशीच अडलं. नणंदेने पट्टा सैल केला. तरी अडलं.

"तुझाच नंबर मागितला होता. फसवलं मेल्या दुकानदाराने!"

"त्याला कशाला बोल लावतेस?" सासूबाई घाईने म्हणाल्या. "घरात अनवाणी फिरून पाय पसरलेत माझे. या वयात नाही पसरायचं तर कधी?" त्यांनी गाऊन पावलांवर ओढून घेतला आणि सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. त्या तिला सांभाळून घेत होत्या.

सुनेने पाण्याचा पेला खाली ठेवला. ती सासूबाईंच्या पायाशी बसली आणि तिने गाऊन वर सारला. घोट्यांची हाडं दिसत नव्हती. कातडी ताणून चकचकीत झाली होती. तिने नडगीवर अंगठा टेकवला, दाबून धरला आणि उचलला. अंगठ्याच्या जागी खड्डा राहिला. तिने तो चटकन तळहाताने झाकला.

"काय झालं, वहिनी?"

"अगं, काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आहे," सून म्हणाली. तिला मान वर करवेना. "यांचे डोळे महिनाभर सुजताहेत, ताई. तुम्हाला सूज दिसू नये म्हणून मी ती रोज सकाळी उतरवत होते. सूज कधी गेलीच नाही. मी ती नुसती खाली ढकलली."

तिने हात बाजूला घेतला.

खड्डा अजून भरला नव्हता. खोली सहा मिलिमीटर.