तिसऱ्या रांगेतली रेघ

"साहेब, तुम्ही फोटो न बघताच माणूस कामावरून काढायला निघालात."

कारखान्यातली तपासणीवाली बाई हे सगळ्यांसमोर म्हणाली. साहेबांच्या हातात कागद होता. निष्काळजीपणामुळे अठरा सोलर पॅनल निकामी, असं त्यावर लिहिलेलं. खाली हमालाची सही तेवढी बाकी. सही झाली की नोकरी गेली.

हमालाला सगळे कासव म्हणत. बाकीचे हमाल पॅनल डोक्यावर घेऊन पळायचे. हा जोडीदाराला दमाने चालायला लावायचा, पॅनल उभं धरायचा आणि टेकवताना श्वास रोखायचा. त्यावरून अकरा वर्षं बोलणी खाल्ली. आता मोडतोडीचा आळही त्याच्यावरच.

"पॅनल या यंत्रातून निघतं आणि हा ते तुझ्या खोलीत आणतो," साहेब म्हणाले. "मधे तिसरं कोण हात लावतं?"

बाईने तपासणीच्या अंधाऱ्या खोलीतला कॅमेरा उचलला आणि थेट यंत्रापाशी नेला. नुकतंच बाहेर आलेलं पॅनल कुणाला हलवू दिलं नाही. तिथेच वायर जोडल्या, वर काळं कापड ताणलं, वीज सोडली. ऊन घेऊन वीज देणारं पॅनल, त्यालाच वीज दिली तर स्वतः उजळतं. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, या कॅमेऱ्याला दिसतो. जिथे तडा, तिथे काळी रेघ.

पडद्यावर पॅनलचे साठ चौकोनी सेल उजळले. तिसऱ्या रांगेत, पहिल्याच सेलवर, तिरपी काळी रेघ. तिने आधीचे अठरा फोटो शेजारी लावले. सगळ्यांत तीच जागा, तोच तिरपेपणा.

"माणसाचा हात अठरा वेळा एकाच जागी चुकत नाही, साहेब. यंत्राचा चुकतो."

"यंत्र नवीन आहे."

"आणि मी जुना," कासव म्हणाला. "म्हणून माझ्या गळ्यात."

कुणीतरी हसलं. साहेबांनी तिकडे बघितल्यावर गप्प झालं.

बाईने कासवाला पडद्यासमोर बोलावलं. "काका, हा तुम्ही आणलेल्या पॅनलचा फोटो. ती एक रेघ सोडा, बाकीचे एकोणसाठ सेल बघा. आहे कुठे तडा? बाकीच्या यंत्रांवरून डोक्यावर आणलेल्यांत नुसती तड्यांची जाळी पडलेली असते."

तो वाकून बघत राहिला. इतकी वर्षं जे जपून उचललं, ते आतून असं दिसतं हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. त्याने हात जोडले.

"पोरी, नोकरी वाचली त्यापेक्षा हे बघायला मिळालं ते मोठं."

"आभार मीच मानायला हवेत, काका. तुम्ही जपून आणलंत म्हणून ती एक रेघ ओळखू आली. नाहीतर जाळीतच हरवली असती."

साहेबांनी कागद फाडला. "झालं समाधान? चला, कामाला लागा."

सगळे पांगले. कासव जागचा हलला नाही.

"साहेब, गेल्या आठवड्यात याच यंत्राच्या मालाच्या तीन गाड्या गेल्या. तुम्हाला घाई होती म्हणून न तपासता. मीच भरल्या. लोकांच्या छपरांवर चढायच्या आत तो माल परत बोलावणार की नाही, तेवढं सांगा. मी थांबलोय."