बेचिराख

"बाई, बेचिराख म्हणजे काय हो?" डिजिटल फळ्यावरच्या नकाशात आपल्या आंबेओहळ गावापुढचे पर्याय वाचत हेमांगीने विचारलं.

"जिथं दिवा लागत नाही ते गाव," खोतबाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या.

"मग आमचंच की! तीन दिवस झाले, लाइटच नाही." तिने 'बेचिराख'वर खूण केली.

सरकारी नकाशात जे भराल तेच जमिनीवर खरं व्हायचं, म्हणून वर्गात सरावाचाच नकाशा उघडायचा असा सक्त नियम होता. आज बाई विसरल्या होत्या.

त्यांनी वर पाहिलं. फळ्यासमोर कुणीच नव्हतं.

"हेमांगी कुठंय?"

"कोण हेमांगी, बाई?" बाकीच्या गावांतल्या मुलांनी विचारलं.

बाईंनी खूण पुसली. 'रहिवाशांची नावं भरा,' नकाशा म्हणाला. त्यांनी 'हेमांगी भोये' लिहिलं, आणि हेमांगी होती तिथेच पुन्हा उभी राहिली. खालचा रकाना लुकलुकू लागला.

"पोरी, लवकर सांग, तुझ्या आईचं नाव काय?"



"बाई, आई म्हणजे काय हो?"