पाच दिवसांचं औषध

त्या साली मांडवीत डोळ्यांची साथ आली आणि द्वारकाबाईंचेही दोन्ही डोळे लालभडक झाले. डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली आणि बजावलं, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही.

लेक मुंबईला, सून बाळंतपणाला माहेरी. स्वतःच्या हाताने घालायला जावं तर एक थेंब कानात, दुसरा नाकात. दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हे बघणारी शेजारीण सुंदरा अखेर पायरी चढून आली आणि तिने बाटली हिसकावून घेतली. गडग्यावरून झुकलेल्या वाकड्या माडाचे नारळ कोणाचे, या भांडणावरून दोघींत सहा वर्षं अबोला होता.

"माझ्या अंगणात पडलेला नारळ बरा दिसायचा गो तुला. आता उघड की डोळा."

"जीभ आवर नि हात चालव," द्वारकाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी डोळे स्वच्छ निवळले. पण जन्मात एक काढा पुरता न प्यायलेल्या द्वारकाबाईंनी बजावलं, "डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेत. उद्या वेळेवर ये."

पाचव्या दिवशी बाटली संपली. सहाव्या दिवशी सकाळी चुलीवर दोघींपुरता चहा ठेवून द्वारकाबाई पडवीत मान वर करून बसल्या.



सुंदराने रिकामी बाटली उजेडात धरून बघितली, मग दोन्ही डोळ्यांवर एकेकदा दाबली आणि म्हणाली, "मीट आता. थेंब मुरेपर्यंत चहा मी गाळते."