फाटकापाशी लावलेली गाडी

बायको गेल्यापासून म्हातारा व्हर्नन आपली पिकअप घरापासून लांब, रस्त्यावरच्या फाटकापाशीच लावतो आणि बर्फ तुडवत घरी जातो. गावाला वाटतं, म्हातारा चळला. आज तो गाडीतून उतरत असताना गस्तीवरची पोलीस शेल्बी तिथं थांबली. काचेतून तिला सीटवर पिस्तूल दिसलं.

"काका, कोलोरॅडोचा नवा कायदा माहीत नाही वाटतं? उभ्या गाडीत असं उघडं ठेवलंत तर दंड होईल."

"कुलपाची पेटी आणतो."

"पेटी कशाला? सरळ घरात न्या की! लहान पोरं असती तर गोष्ट वेगळी. घरात तुमच्याशिवाय आहे कोण?"

 

व्हर्ननने गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "म्हणूनच तर नेत नाही गं, पोरी."