खालचा वाटाड्या

हृदयाचं दुखणं जडल्यापासून पालीच्या बाजीरावांना डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केला होता. राजगडाची वाट दाखवणं हेच त्यांचं काम. आज त्यांच्या जागी पहिल्यांदाच त्यांची लेक माया ट्रेकर्सना घेऊन गेली होती.

बाजीराव सकाळपासून अंगणात गडाकडं तोंड करून उभे होते. आता पाली दरवाज्यात पोचली असतील. बालेकिल्ल्याच्या कातळावर नवख्यांना मधे घ्यायचं, हे पोरीला सांगितलं का आपण? त्यांनी फोन लावला. रेंज नव्हती. अंगणात येरझाऱ्या घातल्या, दम लागला तसे भिंतीला टेकले आणि पुन्हा फोन लावला.

शेवटी मायाचाच फोन आला.

"आबा, बालेकिल्ल्याखाली पोचलो. समदी बरी हायत. तुमी बसा आता."

बाजीराव चपापले. "वरनं दिसतोय व्हय गं मी?"

"हितनं कुठं दिसताय! पर तुमी उभंच असनार, ठावं हाय मला. तुमी बसल्याबिगर मी कातळाला हात लावनार न्हाई."

बाजीरावांनी गडाकडं एकवार पाहिलं आणि ते ओट्यावर टेकले.

"बसलो गं," ते म्हणाले. "चढ आता."